पाळणा उलटा फिरला त्याची हकीकत

आमच्या गावच्या पोरांनी फोनवर एक ग्रुप केला आहे. गावात राहणारी, पुण्याला कंपनीत लागलेली, सोलापूरला शिकायला गेलेली अशी सगळी त्यात आहेत, आणि माझ्यासारखे काही निवृत्त म्हातारेही. ग्रुपचा विषय एकच : जत्रेतले पाळणे. मोठा पाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, हेलकावे खाणारी नाव, ड्रॅगनची गाडी. कुठल्या जत्रेत काय नवीन आलं, कोण ओरडलं, कोण ओकलं, हे सगळं तिथं फोटोसकट येतं. मला त्यात पुतण्यानं घातलं. बाहेर पडता येतं हे मला माहीत आहे. तरी मी पडलो नाही, आणि रोज सकाळी चहाच्या आधी ते वाचून डोकं तापवून घेतो.

पुण्याची पोरं त्या हमरस्त्यावरच्या मोठ्या पार्कात जाऊन आलेली असतात. ती रोलर कोस्टरच्या गप्पा मारतात. एकानं लिहिलं, "जुन्या कोस्टरमधे बसू नका रे. आपल्या माकणीच्या रस्त्यावर ट्रॉलीत बसल्यासारखं वाटतं. उतरल्यावर मणके जागेवर हायत का बघावं लागतं." दुसरा लगेच, "त्येच्यातच खरी मजा हाय. कडाकडा वाजलं पायजे. नवीन म्हणजे नुसतं गुळगुळीत. फ्रीजमधे बसल्यागत." तिसरा, "तुला मजा तर चक्कीच्या पट्ट्यावर पण येईल." मग हसणाऱ्या तोंडांची रांग.

इथपर्यंत मला काही नसतं. पण हा वाद फिरत फिरत दर खेपेला आमच्या गावच्या मोठ्या पाळण्यावर येतोच. जुनं चांगलं म्हणणारे म्हणतात, तो पाळणा असता तर आपली जत्रा अजून जत्रा वाटली असती. नवं चांगलं म्हणणारे म्हणतात, तो उलटा फिरला होता, विसरलात का? मग प्रत्येकाकडं कारण तयार. एक म्हणतो गिअर तुटला. त्या पाळण्याला गिअर नव्हताच, डिझेलचं इंजिन होतं आणि पट्टा होता. दुसरा म्हणतो बेअरिंग फुटलं. तिसऱ्याला पक्कं माहीत आहे की मालक पिऊन आला होता. जो हे लिहितो तो त्या दिवशी गावात नव्हता, पुण्यात होता. तरी त्याला वाससुद्धा आला.

हे वाचून माझा जीव नुसता कावतो. कारण पाळणा का उलटा फिरला ते मला माहीत आहे. आणि यांना ते माहीत नाही, याला कारण मी आहे. म्हणून यांच्यावर धड रागावताही येत नाही.

माझी नोकरी एसटीत गेली. शेवटची बरीच वर्षं मी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, माईकवर गाड्या पुकारायचो. पण खरं काम पुकारण्याचं नव्हतं, भांडणं मिटवण्याचं होतं. रुमाल कुणी आधी टाकला, खिडकी कुणाची, म्हातारीला बसायला कोण उठणार. दोघांचंही समाधान होईल असा मधला मार्ग काढण्यात माझी हयात गेली, आणि मला त्याचा अभिमान होता. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा गावानं मला जत्रा कमिटीत घेतलं ते याच गुणावर.

मोठ्या पाळण्याचा मालक परंड्याकडचा. नाव लिहीत नाही. मोठ्या तोंडाचा माणूस. गळ्यात लाल उपरणं, तोंडात कायम पान, हातात माईक. त्याचा माईक माझ्या स्टँडवरच्या माईकपेक्षा दणदणीत होता आणि तो मला ते बोलूनही दाखवायचा. "कंट्रोलर साहेब, तुमच्या पुकारण्यानं गाडी भरत नव्हती, आमच्या पुकारण्यानं पाळणा भरतोय बघा." गिऱ्हाइकांशी भांडायचा, कामगारांना शिव्या द्यायचा, दर वर्षी जागेवरून कमिटीशी वाद घालायचा. लोकांना तो आवडायचा असं नाही. पण त्याचा पाळणा देवळामागच्या मैदानात उभा राहिल्याशिवाय जत्रा भरली असं कुणाला वाटायचं नाही.

आता आमच्या गावची रीत सांगितली पाहिजे. पालखी गावातून फिरून देवळात आली की मोठ्या पाळण्याला नारळ फुटतो, आणि पहिली फेरी मानाची. त्या फेरीत मानकऱ्याच्या घरचीच माणसं बसणार, दुसरं कुणी नाही. मानकऱ्यांची फेरी उतरल्याशिवाय तिकीट फाडायचं नाही. ही रीत देवाच्या काळापासूनची म्हणतात. डिझेलचा पाळणा देवाच्या काळी कुठून आला, असं मी एकदा विचारलं होतं. कुणी हसलं नाही.

पूर्वी या फेरीत दोनच घरं बसायची. पाटलांचं आणि गुरवाचं. पण करोनानंतर जत्रा पुन्हा भरायला लागल्या त्या पहिल्या वर्षी मानावरून गावात पेटलं. पालखीचे भोई म्हणाले, पालखी आम्ही वाहतो आणि पाळण्यात तुम्ही बसता का? ढोलवाले धनगर म्हणाले, आमच्या ढोलाशिवाय देव हलत नाही. कावडीचं घर, दिवटीचं घर, सगळे उभे राहिले. बैठका झाल्या, एकमेकांच्या आज्यापणज्याचं काढून झालं. जत्रा तोंडावर आली तरी मिटेना. तेव्हा मी मधला मार्ग काढला. सगळी मानाची घरं एकाच फेरीत बसतील. फक्त बसायचा क्रम मानाप्रमाणं राहील. पहिल्या डब्यात पाटील, त्याच्या मागच्या डब्यात गुरव, त्याच्या मागं भोई, असं ओळीनं.

सगळ्यांना पटलं. पाटलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री मी फार समाधानानं झोपलो.

पाळणा कसा भरतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एक डबा भरला की अर्धा फेरा देऊन समोरचा डबा खाली आणायचा आणि तो भरायचा. दोन्ही बाजूला ओझं सारखं. आम्ही लहानपणी खाली उभे राहून ओरडायचो, "समोरचा भर, समोरचा!" मालकाला हे सांगायची गरज नव्हती आणि मलाही नव्हती.

त्या दिवशी नारळ फुटला. पाटलांचं घर पहिल्या डब्यात बसलं. मालकानं सवयीनं अर्धा फेरा दिला, आणि गुरवाच्या घरच्यांना पुढं बोलावलं. पाटील आता वर होते, गुरव खाली. इथपर्यंत कुणी काही बोललं नाही. पण मग भोयांचं घर बसवायला त्यानं पाटलांच्या शेजारचा डबा खाली आणला, तशी माणसं हलली. पाटलांच्या भावकीतला एक जण खालून ओरडला, "आवो, ह्यो काय क्रम झाला? गुरव वर आन पाटील खाली? आमच्या डोक्यावर पाय?" गुरवाचा पोरगा वरून म्हणाला, "पाळणाच हाय तो, कुणीतरी वर जाणारच की!" त्यावर भावकी आणखी भडकली. भोई म्हणाले, गुरवाच्या मागं आमचा डबा ठरलाय, हा तर पाटलाच्या बाजूचा झाला, आम्ही नाही बसत. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण क्रम मी ठरवला होता.

मी मालकाला म्हणालो, "सगळ्यांना उतरव. ओळीनं भर. एकामागं एक."

मालकानं पान थुंकलं. "साहेब, येड लागलं का? निम्मा पाळणा भरंल आन निम्मा मोकळा राहील. समोरच्या डब्यात दुसरी माणसं बसवू द्या. न्हाय तर वाळूची पोती तरी टाकू द्या."

"मानाच्या फेरीत पोती?" भावकीतला तोच. "पोत्याला मान?"

"मग बसवू दुसरी माणसं."

"दुसरी माणसं मानाच्या फेरीत बसत न्हाईत."

लोक ताटकळले होते, ढोल थांबला होता, ऊन होतं. मला एकच दिसत होतं, की इतक्या कष्टानं मिटवलेलं भांडण पुन्हा पेटणार. मी म्हणालो, "तू फिरव. एकच फेरी आहे. बाकीचं आम्ही बघतो."

तो म्हणाला, "ब्रेक धरला तर धरला. माझी जबाबदारी न्हाय."

"आमची," मी म्हणालो.

एकेक डबा ओळीनं भरत गेला. पाळणा एक एक घर वर सरकत होता, आणि प्रत्येक वेळी दोन कामगार ब्रेकच्या दांड्यावर लोंबकळत होते. तो ब्रेक म्हणजे चाकाच्या कडेला दाबून धरायचा लाकडी ठोकळा. शेवटच्या डब्यात दिवटीचं घर बसलं तेव्हा एका बाजूला खालपासून वरपर्यंत माणसं होती आणि दुसरी बाजू रिकामी हलत होती. पाटील सगळ्यांत वर होते. त्यांनी खाली बघून हात केला.

मालकानं ब्रेक सोडला आणि पट्टा चढवला. पाळणा पुढं जायच्या ऐवजी मागं आला. पट्टा सुटून उडाला. भरलेली बाजू धाडकन खाली गेली, समोरून थोडी वर चढली, परत आली, पुन्हा गेली. ठोकळ्यातून धूर निघाला. बायका किंचाळत होत्या, देवाचं नाव घेत होत्या. झोके लहान होत होत पाळणा थांबला, तेव्हा सगळ्या मानकऱ्यांचे डबे खालच्या बाजूला होते आणि वर रिकामे डबे. नशीब की कुणी डब्यातून पडलं नाही. माझी थोरली बहीण, जी माकणीला दिली आहे, तिला त्या दिवशी पाटलीणबाईंनी मैत्रीण म्हणजे घरचीच म्हणून आपल्या डब्यात घेतलं होतं. तिनं घाबरून कठड्याबाहेर हात काढला आणि तो खालच्या, चढायच्या फळीला लागला. मनगट मोडलं.

संध्याकाळी कमिटी बसली. मानाची फेरी उलटी फिरली, म्हणजे देव कोपला, असं काही जण म्हणत होते. त्यांना आवरायला कुणीतरी म्हणालं, "देव कशाला कोपतोय, ते धूडच जुनं झालंय. लोखंडाला पण वय असतं." सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. देवाचा दोष नाही, मानकऱ्यांचा नाही, कमिटीचा तर नाहीच. मग पाटलांनी मला विचारलं, "कंट्रोलर, तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "पाळणा जुना आहेच."

इतकंच म्हणालो. आणि ते खोटं नव्हतं, याचीच मला जास्त चीड येते. पाळणा जुना होताच. ते वाक्य मी माझ्या मधल्या मार्गाच्या सवयीनं निवडलं होतं.

पुढच्या वर्षी त्या जागेवर नवीन यंत्रं आली. दिवे लावलेली, मोठ्या आवाजाच्या गाण्यांची. आमच्या गावचा पाळणा उलटा फिरला ही बातमी जत्रेच्या दुकानदारांबरोबर गावोगाव गेली. खेळणीवाले, भेळवाले, बांगड्यावाले या जत्रेतून त्या जत्रेत जातात आणि बातम्याही नेतात. मालकाला एकेका गावानं नको म्हणायला सुरुवात केली. मी ते ऐकत होतो. अक्का दर दिवाळीला आली की मनगट चोळत म्हणायची, "लेका, माझा हात पाळण्यानं न्हाय मोडला. तुझ्या पंगतीनं मोडला. कवा सांगणार हायस?" मी म्हणायचो, सांगतो.

या वर्षी जत्रेच्या आधी मालक माझ्या घरी आला. उपरणं तेच होतं, आवाज बसला होता. पाणीही न घेता ओसरीवर उभा राहून बोलला, "पाळणा तीन वरसं गोठ्यात पडून हाय. ह्या साली कुठंच उभा न्हाय राहिला तर भंगारात घालणार. पोरगं म्हणतंय आत्ताच घाला. तुमच्या गावानं नाव घालवलं, तुमच्या गावानंच जागा द्यावी. आन तुम्हाला तर सगळंच ठावं हाय."

मी म्हणालो, कमिटीत बोलतो. तो म्हणाला, "तुम्ही बोलायचं काम लई चांगलं करता. जवा गरज नसती तवा."

आधी मी ग्रुपवर लिहिलं. दोन दिवस लागले मला. बोट जाड, अक्षरं बारीक. ओळीनं बसवायचा हट्ट, पोत्यांना दिलेला नकार, मी दिलेला हुकूम, आणि नंतर धरलेलं मौन, सगळं लिहिलं. पाठवलं आणि फोन पालथा ठेवून बसलो. वाटलं, आता शिव्या येतील. यायलाच पाहिजेत.

उत्तरं आली ती अशी. हात जोडलेली चित्रं. "तात्या मस्त लिहिलंय, जुन्या आठवणी." "तात्या लेखक झाले." एकानं अंगठा दाखवला. आणि त्याच्याखाली लगेच पुण्याच्या पोरानं लिहिलं, "पण बेअरिंग फुटलं होतंच ना?" दुसरा म्हणाला, "आता हायड्रॉलिकचा जमाना हाय, पट्टा कशाला पायजे." मग पार्कातल्या नव्या राइडचा व्हिडिओ आला, ज्यात माणसं एका खांबावरून सरळ खाली सोडतात. संध्याकाळपर्यंत माझा मजकूर कुठल्या कुठं वर गेला होता. मी संतापून पुन्हा लिहिलं, "मी वर काय लिहिलं आहे ते वाचा." कुणीतरी उत्तर दिलं, "वाचलं तात्या. भारी."

मग कमिटीच्या बैठकीला गेलो. पुतण्या आता अध्यक्ष आहे. मी उभा राहून सगळं पुन्हा सांगितलं. बोलून झाल्यावर मला वाटलं, लागलं कुठंतरी. तेवढ्यात पाटलांचा मुलगा म्हणाला, "म्हंजे आमच्या वडलांनी पाळणा पाडला म्हणता?"

"मी तसं म्हणत नाही. क्रम मी ठरवला."

"पण आमच्या भावकीनं वरडलं असं म्हणलात."

"ओरडलंच होतं."

"गुरवाच्या पोरानं आधी वाकडं बोललं," कोपऱ्यातून एक जण.

"मी वाकडं न्हवतो बोललो, पाळण्याचं बोललो!"

"आन आमचा डबा तिसरा ठरलावता का न्हाय?" हे भोई.

"तिसरा कसा? ढोलाचा मान तिसरा!"

आणि झालं. ज्या भांडणातून हे सगळं उपजलं तेच भांडण माझ्या कबुलीजबाबातून पुन्हा उठलं. कुणाचा डबा कितवा होता यावर तासभर वाद झाला. पाळण्याचा मालक आणि त्याची जागा हा विषय कुणी काढेना. मी दोनदा काढला. दुसऱ्या वेळी पुतण्या खाली बघत म्हणाला, "तात्या, तुमचं खरं असंल. पण मैदान मागल्या महिन्यातच दिलंय. ब्रेक डान्सवाल्याला. शब्द गेलाय."

"मग मला एवढं बोलू कशाला दिलंस?"

"तुम्ही उभं राहिलात, बसा कसं म्हणू?"

मी बाहेर आलो तेव्हा आतून अजून आवाज येत होते. मला हसू आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं मिटवली, आणि ज्याच्यासाठी एकदा भांडायला गेलो, त्यात कुणी माझ्याशी भांडायलाही तयार नाही.

मालकाला फोन केला. वाटलं होतं तो शिव्या देईल. त्यानं एवढंच विचारलं, "सगळं सांगितलं?" म्हणालो, सगळं. तो म्हणाला, "मग तेच मुरुम गावाच्या बाजूला येऊन सांगा. तिथल्या एका गावची जत्रा पुढल्या आठवड्यात हाय. ते म्हणत्यात, उलटा फिरणारा पाळणा नको."

गेलो. या वयात उमरग्याच्या गाडीत उभं राहून गेलो. मी पूर्वी स्टँडवर कंट्रोलर होतो हे कंडक्टरला सांगितलं, त्यानं मान हलवली आणि पुढं सरका म्हणाला. त्या गावची कमिटी देवळाच्या पारावर बसली होती. अध्यक्ष म्हणजे खतांच्या दुकानाचा मालक, कानडी हेल असलेला शांत माणूस. मी सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "तुमचा ह्यांचा काय संबंध, काका? पाव्हणे?" म्हटलं, नाही. "भागीदार?" नाही. "मग एवढं लांब कशाला आलात?" मी म्हणालो, "माझ्यामुळं त्याचं नाव गेलं." त्यानं इतरांकडं बघितलं. एक जण म्हणाला, "आपल्याकडं मानाची फेरी कुठं हाय? समोरासमोर भरू द्या की." अध्यक्ष म्हणाला, "सरकारी तपासणीचा कागद आणा आणि लावा. मैदानाच्या टोकाला." इतक्या सहज झालं, की मला उलट राग आला. इतक्या वर्षांत हे कधीही झालं असतं.

तपासणी झाली, कागद आला, पाळणा उभा राहिला. जत्रेच्या दिवशी मी आणि अक्का दोघं गेलो. अक्कानं हट्टच धरला होता. लांबूनच पाळणा दिसला, नवा निळा रंग दिलेला, आणि खाली भली मोठी रांग. मला बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. आणि मग जवळ गेल्यावर माईक ऐकू आला.

"या, या, या! उलटा फिरलेला पाळणा! साऱ्या जिल्ह्यात गाजलेला! मानकऱ्यांना खाली आपटणारा! काळीज असंल त्यानंच तिकीट काढा! ब्रेक डान्स लेकरांचा खेळ, ह्यो बघा मरदाचा पाळणा!"

मी तसाच त्याच्यापर्यंत गेलो. "अहो, हे काय? पाळणा चांगला आहे, दोष त्याचा नव्हता, हे सांगायला मी इथवर आलो ना?"

त्यानं माईकवर हात ठेवला. "सांगितलंत ना? उपकार झाले. आता मला धंदा करू द्या."

"पण हे खोटं आहे!"

"फिरला न्हवता का उलटा?"

"फिरला होता, पण..."

"मग? तुमचं 'पण' तिकिटाच्या खिडकीवर कोण घेतंय?" आणि पुन्हा माईक तोंडाला लावला.

अक्का पदरात तोंड लपवून हसत होती. मला हसू येत नव्हतं. मी रांगेच्या कडेनं चालत होतो. पुढं एक तरुण जोडपं उभं होतं, तो मुलगा तिला सांगत होता की यात पूर्वी माणसं मेली आहेत. मला राहवेना. मी थांबून म्हणालो, "कुणी मेलं नाही. एका बाईचं मनगट मोडलं, ती ही उभी आहे. पाळण्यात काही खोट नव्हती. आम्ही तो एकाच बाजूनं भरला होता. असा समोरासमोर भरला तर तो अगदी सरळ फिरतो. काळजी करू नका."

मुलीनं विचारलं, "म्हणजे उलटा नाही फिरत?"

"नाही. मुळीच नाही."

"मग ह्यात काय एवढं?" ती त्याला म्हणाली. "चल, तिकडं नाव आहे ना मोठी." दोघं रांग सोडून गेली. त्यांच्या मागच्या पोरांच्या घोळक्यानं ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पाळण्याकडं बघितलं. एक म्हणाला, "आजोबा, नक्की का?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माईकवरून आमच्या मालकाचा आवाज आला, आणि आता तो अजिबात बसलेला नव्हता. "ए! त्या पांढऱ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याला आधी वर बसवा रे! फुकट! आन लवकर खाली आणू नका!"

दोन कामगारांनी मला दोन्ही दंडांना धरलं. अगदी आदरानं, "चला बाबा, चला," म्हणत त्यांनी मला डब्यात बसवलं आणि आडवी साखळी लावली. अक्का खालून ओरडली, "मला न्हाय बसायचं, माझा हात मोडलाय एकदा!" अर्धा फेरा झाला, समोरचा डबा भरला, मग दुसरा, मग त्याच्या समोरचा. मी बरोबर टोकाला जाऊन थांबलो. खाली सगळी जत्रा दिसत होती, रांग पुन्हा लांब होत होती. मी ओरडून त्या पोरांना काहीतरी सांगत होतो, पण माईक माझ्यापेक्षा मोठा होता, आणि त्यांनी हसून मला हात केला.